विदर्भाचें वय सांगणारा कोळसा

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यांत बोरी अरब हें गांव आहे. काळी जमीन, तिच्या खालीं काळा खडक, आणि पिढ्यान् पिढ्या त्या जमिनीनें पिकविलेला कापूस व ज्वारी, एवढें वर्णन केलें कीं विदर्भांतील कोणत्याहि शेतकऱ्यास आपलेंच शिवार डोळ्यांपुढें दिसेल. याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील वणी तालुक्यांत भूमि खोदली कीं दगडी कोळसा लागतो. आणखी पूर्वेस, आजच्या गडचिरोली जिल्ह्यांत, वैरागड आहे. तेथील हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबराच्या काळच्या ऐन-इ-अकबरी या ग्रंथांत आहे. शेतांतील ज्वारीचें ताट, खाणींतील कोळसा आणि राजाच्या शिरपेंचांतील हिरा हीं एकमेकांपासून किती दूरचीं वाटतात! परंतु रसायनशास्त्राच्या तराजूंत घातलीं असतां हिऱ्यांत केवळ एकच मूलद्रव्य सांपडतें, कोळशांत मुख्यतः तेंच असतें, आणि ज्वारीच्या ताटाचा सांगाडाहि त्यावरच उभा असतो. त्या मूलद्रव्याचें नांव कर्ब, म्हणजेच आजच्या पाठ्यपुस्तकांतील कार्बन.

हिरा आणि कोळसा एकाच कुळांतले, हें प्रथम ऐकणाऱ्यांस थट्टाच वाटली असेल. १७७२ सालीं लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें भिंगानें सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखविला. पुढें १७९७ सालीं इंग्लंडांतील स्मिथसन टेनंट यानें सिद्ध केलें कीं, समान वजनाचा हिरा आणि कोळसा जाळला तर सारखाच कर्बाम्ल वायु निघतो. दोघांत भेद आहे तो अणूंच्या रचनेचा, द्रव्य एकच. एवढें कळल्यावर कर्बाचें शास्त्र संपलें असें कोणास वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु या द्रव्याच्या पोटांत आणखी एक गोष्ट दडलेली होती. ती उघड होण्यास विसावें शतक उजाडावें लागलें, आणि ती उघड झाली तेव्हां ताम्रपट, शिलालेख व पोथ्या यांना जें सांगतां आलें नव्हतें तें विदर्भाच्या इतिहासाला एका जळक्या लांकडाच्या तुकड्यानें सांगितलें.

तें काय, हें समजण्यासाठीं प्रथम प्रश्न समजून घेतला पाहिजे. नागपूरच्या आसपास, विशेषतः उघड्या माळांवर, मोठमोठ्या धोंड्यांचीं वर्तुळें आहेत. तीं कोणी मांडलीं, याविषयीं एकोणिसाव्या शतकांत जिज्ञासा उत्पन्न झाली. स्कॉटलंडहून १८४५ सालीं नागपुरास आलेले पाद्री स्टीफन हिस्लॉप हे या जिज्ञासूंतील एक अग्रणी होत. नागपुरांतील हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नांवें चालतें, तेच हे गृहस्थ. धर्मोपदेश आणि शाळा हा त्यांचा व्यवसाय खरा; पण हातांत हातोडी घेऊन खडक फोडीत हिंडणें हा त्यांचा छंद होता. नागपूर व कामठीच्या बाजूच्या वालुकाश्मांतून त्यांनीं प्राचीन वनस्पतींच्या पानांचे ठसे गोळा केले. ज्या प्राचीन अरण्यांपासून वणीचा आणि चंद्रपूरकडील कोळसा झाला, त्यांतील वनस्पतींच्या जातकुळींतलींच हीं पानें होत. कर्बाच्या सर्वांत जुन्या दप्तरांपैकीं एक या माणसानें विदर्भांत उघडलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

१८६३ सालच्या सप्टेंबर महिन्यांत हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथें दगडी वर्तुळें पाहण्यास गेले. मध्यप्रांताचे त्या वेळचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांची त्यांना सोबत होती. ४ तारखेस परततांना हिस्लॉप मागें राहिले. पावसानें ओढा फुगला होता. घोड्यावरून तो ओलांडतांना बोरी या गांवाजवळ ते बुडून मरण पावले. ही बोरी नागपूर जिल्ह्यांतली. यवतमाळची बोरी अरब निराळी. त्यांनीं आदिवासी जमातींविषयीं लिहून ठेवलेले कागद टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून काढले. परंतु ज्या वर्तुळांसाठीं ती शेवटची फेरी झाली, तीं कोणत्या काळचीं, हा प्रश्न तसाच राहिला. १८६७ सालीं रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्यानें नागपूरजवळील जुनापाणी येथील वर्तुळें खणलीं. लोखंडी अवजारें मिळालीं, मडकीं मिळालीं. पण त्यांवर ना अक्षर, ना नाणें, ना राजाचें नांव.

ज्याला अक्षर नाहीं त्याचें वय सांगावयाचें कसें? इतिहासकारांचा नेहमीचा उपाय म्हणजे शेजाऱ्याची साक्ष काढणें. म्हैसूरकडील ब्रह्मगिरी येथें मॉर्टिमर व्हीलर यांनीं १९४७ सालीं उत्खनन केलें. ज्ञात काळाच्या वस्तूंशीं थर जुळवून त्यांनीं तेथील महापाषाण संस्कृति इसवी सनापूर्वीं सुमारें २०० पासून इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंत ठेवली. पद्धति शास्त्रशुद्ध होती. परंतु अशा अंदाजाच्या सांखळींत एक कडी सरकली कीं सारी सांखळी सरकते. दक्षिणेंतील लोखंड मौर्यांच्या मागोमाग आलें, अशी समजूत त्यामुळें दृढ झाली. विदर्भाच्या माळावरील ती माणसें स्वतःच्या बुद्धीनें लोहार झालीं, कीं उत्तरेकडील साम्राज्याच्या सावलींत? प्रश्न केवळ तारखेचा नव्हता. एका प्रदेशाच्या कर्तृत्वाचा होता.

याचें उत्तर शेवटीं जेथून आलें, ती दिशा कोणाच्या ध्यानींमनीं नव्हती. अमेरिकेंत बर्कली येथें मार्टिन केमेन आणि सॅम रूबेन हे दोन तरुण शास्त्रज्ञ वनस्पति सूर्यप्रकाशांत अन्न कसें तयार करतात याचा शोध घेत होते. हवेंतील कर्ब पानांत शिरल्यावर कोठें कोठें जातो, हें पाहण्यासाठीं त्यांना खूण असलेला कर्ब हवा होता. जसा मेंढपाळ आपल्या मेंढ्यांवर रंगाची खूण करतो, तसाच हा प्रकार. १९४० सालच्या फेब्रुवारींत त्यांना तो मिळाला. नेहमीच्या कर्बाच्या अणूचें वजन १२, याचें १४. रासायनिक गुण तेच, परंतु हा अणु अस्थिर. ठराविक गतीनें तो फुटतो आणि त्याचा नत्रवायु होतो. रूबेन यांना या शोधाचें फळ पाहण्याचें भाग्य लाभलें नाहीं. महायुद्धाच्या कामांत विषारी वायूच्या अपघातानें १९४३ सालीं, ऐन तारुण्यांत, ते मरण पावले. मेल्विन कॅल्व्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हाच खुणेचा कर्ब वापरून हिरव्या पानांतील प्रक्रियेचा मार्ग शोधला आणि कॅल्व्हिन यांना १९६१ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

जीवशास्त्रासाठीं शोधलेली ही वस्तु इतिहासाच्या हातीं दिली ती शिकागोच्या विलर्ड लिबी यांनीं. १९४९ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ज्ञात वयाच्या प्राचीन लांकडांवर आपली पद्धति ताडून दाखविली. १९६० सालीं त्यांनाहि नोबेल पारितोषिक मिळालें. पद्धतीचें तत्त्व शाळेंतील मुलास समजेल इतकें सरळ आहे. आकाशांतून सतत येणाऱ्या विश्वकिरणांमुळें वातावरणाच्या वरच्या थरांत न्यूट्रॉन सुटतात. ते नत्रवायूच्या अणूंवर आदळून कर्ब-१४ उत्पन्न करतात. तो प्राणवायूशीं मिळून कर्बाम्ल वायूच्या रूपानें हवेंत मिसळतो. झाडें तो वायु घेतात, गुरें झाडें खातात, माणूस दोघांवर जगतो. म्हणून प्रत्येक जिवंत देहांत या कर्बाचा एक अल्प अंश असतो. साध्या कर्बाच्या सुमारें एक लक्ष कोटी अणूंमागें कर्ब-१४ चा एक. जीव आहे तोंवर खर्च होतो तेवढी भर पडते. झाड तुटलें, पशु मेला, कीं भर थांबते आणि खर्च मात्र चालू राहतो. ५,७३० वर्षांनीं निम्मे अणु उरतात, आणखी तितक्याच वर्षांनीं त्याच्या निम्मे. अडीच हजार वर्षांपूर्वींच्या लांकडांत शंभरांपैकीं सुमारें ७४ अणु शिल्लक असतात. शिल्लक मोजली कीं मृत्यूचा काळ निघतो. सुमारें पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगें कांहींच उरत नाहीं.

वणीचा दगडी कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना. त्यांत कर्ब-१४ नाममात्रहि राहिलेला नसतो. चुलींतील लांकडी कोळसा आणि खाणींतील दगडी कोळसा डोळ्यांना भाऊ-भाऊ वाटले, तरी मोजमापाच्या यंत्रापुढें एकाचें घड्याळ चालू असतें, दुसऱ्याचें केव्हांच बंद पडलेलें असतें. प्रयोगशाळा या बंद घड्याळाचाहि उपयोग करतात. यंत्रांत येणारा बाहेरचा गोंगाट किती, हें ठरविण्यासाठीं असा निष्प्राण कर्बच मोजून पाहतात.

महाराष्ट्रांत या पद्धतीचा लाभ प्रथम गोदावरी व भीमेच्या खोऱ्यांना झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया, शांताराम भालचंद्र देव व अन्सारी यांनीं नेवासें येथें १९५४ ते १९५६ या काळांत उत्खनन केलें. तेथील कोळशाचे नमुने अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत मोजले गेले. त्यांवरून प्रवरेकांठची ताम्रपाषाणकालीन वस्ती इसवी सनापूर्वीं बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत मागें गेली. १९६० नंतरच्या थोड्याच वर्षांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत देवेंद्र लाल यांच्या प्रेरणेनें अशी प्रयोगशाळा उभी राहिली. शीला कुसुमगर आणि डी. पी. अगरवाल यांचीं नांवें या कामाशीं जोडलेलीं आहेत. तेथें मोजलेल्या प्रत्येक नमुन्याच्या क्रमांकामागें 'टीएफ' हीं अक्षरें असत. ही प्रयोगशाळा १९७३ सालीं अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेंत हलविण्यांत आली. भीमेच्या खोऱ्यांतील इनामगांवीं १९६८ पासून सांकलिया, ढवळीकर व अन्सारी यांनीं दीर्घ उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० अशी जवळजवळ नऊशें वर्षांची त्या गांवाची कहाणी या कर्ब-कालगणनेच्या आधारावर उभी आहे.

आणि मग पाळी आली टाकळघाटची. १९६८-६९ सालीं नागपूर विद्यापीठातर्फे देव यांनीं टाकळघाट-खापा येथें उत्खनन केलें. वर्तुळांबरोबरच त्या लोकांच्या वस्तीचा थरहि खणला गेला, हें विशेष. तेथील कोळसा मुंबईस गेला. उत्तर आलें तें इसवी सनापूर्वीं सहाव्या शतकाच्या आसपासचें. मौर्य साम्राज्याच्या पूर्वींचें. पुढें १९७८ ते १९८० या काळांत देव व अरविंद जामखेडकर यांच्या नेतृत्वाखालीं पेंच नदीकांठीं नायकुंड येथें उत्खनन झालें, आणि तेथें लोखंड गाळण्याची भट्टीच हातीं लागली. वांकदार विटांची बांधणी, भात्याच्या नळ्यांचे तुकडे आणि लोखंडाची मळी असा सारा सरंजाम होता. तिचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें ७०० मानला जातो. हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं, ते जेथें गेले होते त्याच टाकळघाटच्या मातींतून त्या प्रश्नाला उत्तर मिळालें.

नायकुंडच्या भट्टीकडे क्षणभर बारकाईनें पाहिलें पाहिजे. कारण तेथें कर्ब हा साक्षीदारच नव्हे, तर कारागीरहि आहे. खनिजांतील लोह प्राणवायूशीं घट्ट बांधलेलें असतें. भात्याची हवा लागून लांकडी कोळसा अपुरा जळतो आणि त्यापासून एक तीव्र वायु निघतो. तो खनिजांतील प्राणवायु हिरावून घेतो आणि लोह मोकळें होतें. मळी वितळून निथळते. मागें राहतो तो लोखंडाचा सच्छिद्र गोळा, जो तापवून ठोकून घट्ट करावा लागतो. हें लोखंड मऊ असतें. परंतु तेंच कोळशाच्या निखाऱ्यांत दीर्घकाळ तापविलें, तर थोडा कर्ब त्याच्या अंगांत मुरतो. शेंकडा एकाहूनहि कमी कर्ब मिसळला कीं लोखंडाचें पोलाद होतें, आणि लाल तापवून पाण्यांत बुडविलें कीं त्याची धार कठीण होते. लोखंड, पोलाद आणि बीड यांत भेद करतो तो कर्ब, हें युरोपांतील शास्त्रज्ञांनीं १७८६ सालीं स्पष्ट केलें. विदर्भांतील महापाषाणकालीन अवजारें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलीं असतां त्यांपैकीं कांहींत असें मुरविलेलें पोलाद आढळलें आहे. कारण न जाणतां कार्य साधणारे ते लोहार होते. त्यांनीं भट्टींत घातलेलाच कोळसा अडीच हजार वर्षांनीं त्यांचा काळ सांगण्यास पुढें आला.

येथें एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. कर्ब-कालगणना ही देववाणी नव्हे. लिबी यांनीं गृहीत धरलें होतें कीं, हवेंतील कर्ब-१४ चें प्रमाण सर्वकाळ सारखें असतें. तें तसें नाहीं, हें १९५८ नंतर झाडांच्या खोडांतील वार्षिक वर्तुळें मोजून सिद्ध झालें. म्हणून आज प्रत्येक मोजणी त्या वर्तुळांशीं ताडून सुधारून घेतात. या सुधारणेंत विदर्भाच्या वांट्यास एक विचित्र अडचण आली आहे. इसवी सनापूर्वीं सुमारें ८०० ते ४०० या चारशें वर्षांत सुधारणेची रेषा जवळजवळ सपाट आहे. त्या चार शतकांतील कोणत्याहि वेळीं तोडलेलें लांकूड यंत्रांत साधारण एकाच वयाचें दिसतें. टाकळघाटचा कोळसा नेमका याच सपाटीवर पडतो. म्हणून 'सहावें शतक' याचा प्रामाणिक अर्थ 'आठव्या आणि पांचव्या शतकांच्या दरम्यान केव्हांतरी' असाच घेतला पाहिजे. आणखीहि एक गोष्ट आहे. कोळसा सांगतो तो लांकूड वाढण्याचा काळ, तें जाळण्याचा नव्हे. जुन्या सागाचा गाभा जाळला असेल, तर वय शेंदीडशें वर्षांनीं फुगेल. म्हणून एका हंगामांत वाढून कापलेला जळका दाणा हा उत्तम साक्षीदार. असें असूनहि मुख्य निर्णय ढळत नाहीं. सपाटीचें अलीकडचें टोंक धरलें, तरी तें मौर्यांच्या अलीकडे येत नाहीं.

दाण्याचा विषय निघाला, तर तोहि कर्बाचाच आहे. नायकुंड येथील जळक्या अवशेषांत तांदूळ, गहूं, जव, मसूर यांची ओळख पटली आहे. कोळसा झाल्यामुळेंच हे दाणे टिकले. कच्चा दाणा मातींत कुजून गेला असता. परंतु दाणे मिळाले नाहींत तरी हाडें बोलतात. हवेंतील कर्ब पकडण्याच्या वनस्पतींच्या मुख्य रीति दोन. गहूं, तांदूळ, तूर, कापूस एका रीतीचे. ज्वारी, बाजरी, मका, ऊंस दुसऱ्या रीतीचे. ही दुसरी रीत ऑस्ट्रेलियांत हॅच व स्लॅक यांनीं उंसाच्या पानांवर प्रयोग करून १९६६ सालीं विशद केली. उन्हाच्या प्रदेशांत ती विशेष लाभाची ठरते. वजन १३ असलेला, न फुटणारा असाहि एक कर्ब असतो. ज्वारीच्या ताटांत त्याचें प्रमाण तुरीहून अधिक असतें, आणि खाणाऱ्याच्या हाडांत तो भेद उतरतो. बोरी अरबच्या शिवारांत एकाच तासांत उभी असलेली ज्वारी आणि तूर एकाच हवेवर पोसतात. पण आपापल्या दाण्यांत निरनिराळी सही करून ठेवतात. मूळची आफ्रिकेंतली ज्वारी वऱ्हाडच्या ताटांत मुख्य अन्न झाली, ती वाटचाल अशा सह्यांच्या आधारानें वाचतां येते. राजे कोण झाले, हें शिलालेख सांगेल. प्रजा काय खात होती, हें सांगण्याचें काम कर्बाचें.

या सर्वांतून एक कर्तव्य निघतें, आणि तें केवळ पंडितांचें नव्हे. १९५० नंतरच्या अणुस्फोटांनीं उत्तर गोलार्धांतील हवेंत कर्ब-१४ चें प्रमाण जवळजवळ दुप्पट केलें होतें. १९६३ च्या करारानंतर तें उतरूं लागलें. उलट बाजूनें दगडी कोळसा आणि खनिज तेल यांचा धूर हवेंत निष्प्राण कर्ब मिसळून तें प्रमाण पातळ करीत आहे. वणीच्या खाणींतला कोळसा आगगाड्यांनीं वाहिला, त्यानें वीज दिली, आणि त्याच्या धुरानें पुढच्या पिढ्यांचें घड्याळहि थोडेंफार बिघडविलें. आजच्या काळाचें वय उद्या अशा साधनानें काढणें कठीण होत जाईल. परंतु भूतकाळाचें घड्याळ अजून मातीखालीं शाबूत आहे. तें बिघडतें तें नांगराच्या फाळानें उपसलेल्या थरांत, रस्त्याच्या खडीसाठीं फोडलेल्या वर्तुळांत आणि पांढरीची माती गाड्या भरून शेतांत पसरण्यांत. मडकें फुटलें तर खापरें तरी उरतात. कोळशाचा कण एकदां आपल्या थरांतून हलला, कीं त्याचें वय मोजतां येतें, पण तें वय कोणाचें, हें सांगतां येत नाहीं. साक्षीदार जिवंत असून साक्ष मात्र निरर्थक होते.

म्हणून गांवच्या पांढरींत विहीर खणतांना काळी राख, जळके दाणे किंवा लोखंडाची मळी दिसली, तर ती हातानें न उपसतां जाणत्या संशोधकांस कळविणें, एवढेंच सामान्य माणसाकडून इतिहासाला हवें आहे. हिऱ्याला जपावें हें कोणास शिकवावें लागत नाहीं. त्याच कुळांतला हा दुसरा कण बाजारांत कवडीमोलाचा. पण ज्यांच्याविषयीं कोणीं अक्षर लिहिलें नाहीं, त्या माणसांची जन्मपत्रिका त्याच्याच जवळ आहे.